भावोजींची टोपडी

ताईच्या घरात एक खोली अशी आहे की तिच्यात मी आजही एकटी जात नाही. दिवसाढवळ्या नाही आणि दिवा लावूनही नाही. खोली तशी लहानच. एक खिडकी, तिला जाड पडदा, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर शिरस्त्राणं ओळीनं मांडलेली. सगळी जर्मन, सगळी जुन्या युद्धांतली, आणि सगळ्यांची पुढची बाजू दाराकडे. शिरस्त्राणाला डोळे नसतात हे मलाही कळतं. पण दार उघडलं की त्या कडेखालचा काळोख आपल्याकडे बघतो, त्याला मी काय करू?

‘शिरस्त्राण’ हा भावोजींचा शब्द. ताई त्या शिरस्त्राणांना टोपडी म्हणायची, बाळांना घालतात ती. "तुझे भावोजी टोपड्यांना तेल लावत बसलेत," असं ती फोनवर सांगायची आणि मागून भावोजींचा दुखावलेला आवाज यायचा, "तेल नाही गं, मेण." मग आम्ही दोघी हसायचो. मी लांब होते म्हणून हसायचे. त्या घरी मुक्कामाला गेले की माझं अंथरूण त्याच खोलीच्या भिंतीला लागून असायचं, आणि मला झोप म्हणून यायची नाही.

भावोजी म्हणजे ताईचा नवरा. रुग्णालयात एक्स-रे काढायचे. मी त्याच विभागात बाहेरच्या खिडकीवर बसते. लोकांची नावं पुकारायची, पाकिटं द्यायची आणि ‘अजून किती वेळ’ या प्रश्नाला दिवसभर उत्तरं द्यायची, हे माझं काम. भावोजींइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाहीत. कुत्रं दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर. घरातून निघताना गॅसचा खटका बघायचा, कुलूप लावायचं, खाली उतरायचं आणि पुन्हा वर जाऊन बघायचं. ताईचं डोकं फिरायचं. विभागात त्यांना सगळे ‘हळूबाई’ म्हणत, कारण मोडक्या हाडाचा माणूस टेबलावर घेताना ते इतका वेळ लावायचे की बाहेर रांग वाढत जायची आणि शिव्या मी खायचे. पण त्यांच्या हाताखाली कुणी कळवळून ओरडलेलं मी कधी ऐकलं नाही, हेही सांगायला हवं.

असल्या माणसाला हा छंद कुठून लागला? एका भंगारवाल्याच्या दुकानातून. लग्नाच्याही आधी ते तिथे पंख्याचा नट शोधायला गेले होते. भंगारवाल्यानं नट-बोल्ट एका लोखंडी भांड्यात ठेवले होते. भावोजींनी ते भांडं रिकामं करून उलटं केलं, तर आत चामडं निघालं. चामड्याच्या पाकळ्या, मध्ये दोरी ओवून एकत्र ओढलेल्या. एका पाकळीवर शाईनं लिहिलेलं नाव होतं, घामानं फिसकटलेलं. नट राहिला बाजूला, ते भांडं घेऊन घरी आले.

"पण हेच का?" मी एकदा विचारलं होतं. "त्या लोकांनी जगात काय करून ठेवलं ते शाळेत शिकलात ना? ताटवाट्या जमवा, घड्याळं जमवा."

भावोजी म्हणाले, "सैनिकाच्या अंगावर बाकी सगळं दुसऱ्याला मारायचं असतं. ही एकच वस्तू स्वतः घाबरलेला असतो म्हणून घालतो."

"मग वाचला का तो?"

"ते कळत नाही ना कधी," ते म्हणाले.

ज्यांच्यावर त्या सैन्याची खूण अजून शाबूत होती, त्यांच्यावर भावोजींनी कापडाची पट्टी बांधली होती. पट्ट्या ताईनं शिवून दिल्या होत्या. ताई घरी कपडे शिवते, बायकांचे झगे उसवून मोठे-लहान करून देते. छंदाला तिची मदत तेवढीच, असं तिचं म्हणणं. पण भावोजी सोडतात होय. हळूहळू तिलाही त्यांनी कामाला जुंपलं.

ते कसं, हे सांगायला त्यांची रीत सांगावी लागेल. फळीवर ठेवलेला स्वच्छ माल त्यांना नको असायचा. तो पैसेवाल्यांनी घ्यावा. त्यात नकलीही फार. भावोजींना हवा असायचा जमिनीतून निघालेला, मातीनं गच्च भरलेला. दूरवरच्या जुन्या रणांगणांवर खणून माल आणणारा एक माणूस होता, सगळे त्याला ‘घूस’ म्हणत. तो वर्षातून एकदोनदा जुन्या बाजारात चादर पसरून बसायचा. माती कुणी उकरलेली नाही, म्हणजे आतलं चामडं कुणी काढलेलं नाही, बदललेलं नाही. भावोजींसारखे लोक या मातीलाच भाव देतात. घासाघीस करताना ती माती बोटानं दाबून बघतात, वास घेतात. एकदा तर भावोजींनी जिभेला लावली. मी तोंड फिरवलं.

घरी आणल्यावर मातीला कसलंच हत्यार लावायचं नाही. स्क्रू-ड्रायव्हर घातला की चामडं फाटतं आणि सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून एक तर ओल्या फडक्यात दिवसेंदिवस गुंडाळून माती मऊ करायची, नाही तर मंद ओव्हनमध्ये ठेवून ती इतकी सुकवायची की आक्रसून आपोआप सुटते. ओव्हनची युक्ती भावोजींची स्वतःची. तिचा त्यांना फार अभिमान. इतर छंदिष्टांना ते फोन करकरून सांगायचे, "बायको ओव्हन लावते, मी कामावरून येतो तोवर गोळा अख्खा निघतो." ओव्हन ताईच्या ताब्यात, म्हणून ते काम ताईचं.

आणि मधली पायरी रुग्णालयात. माती काढण्याआधी आत चामडं कुठवर आहे, खिळे कुठे आहेत, हे कळावं म्हणून भावोजी जेवणाच्या सुट्टीत त्या वस्तूचा एक्स-रे काढायचे. मोठ्या डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता. मला होता. "नोकरी जाईल हं तुमची," मी दर वेळी बजावायचे. "आणि माझीही जाईल."

"एकच फोटो," भावोजी म्हणायचे. या बाबतीत मात्र हा भित्रा माणूस कसा घाबरायचा नाही, हे देवच जाणे.

त्या दिवशी ते कापडी पिशवी पोटाशी धरून आले. घुशीकडून त्यांनी या खेपेला दोन घेतली होती, एकाच खड्ड्यातून निघालेली. दोन्ही मातीनं भरलेली. त्यातलं एक आठवडाभर ओल्या फडक्यात होतं, ते पिशवीत. दुसरं घरी, ताईच्या हवाली. "आज ओव्हनमध्ये घालायला सांगितलंय," ते खुशीत म्हणाले. "संध्याकाळी दोन्ही मोकळी."

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकांवर माणसं होतीच. प्लास्टरचा पाय पुढे करून बसलेला एक गवंडी, चाकाच्या खुर्चीत एक आजी, दोन बायका छातीचा फोटो काढायला आलेल्या. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि आत गेले, भावोजींना लवकर आटपा म्हणायला. भावोजी काचेच्या आडोशाला, पडद्यासमोर उभे होते. काचेपलीकडे टेबलावर ते शिरस्त्राण एका अंगावर कलतं ठेवलेलं. रोग्याचं डोकं टेकवायचे फोमचे तिरके तुकडे असतात, त्यांचा त्याला टेकू दिलेला होता.

"इकडे ये जरा," भावोजी म्हणाले.

त्यांचा आवाज इतका साधा होता की मी सहज जाऊन उभी राहिले. पडद्यावर धुरकट करडा गोल होता. कडेला खिळ्यांचे पांढरे ठिपके. आणि मधोमध, मातीच्या पोटात, एक आकार. अंड्याएवढा नाही, त्याहून मोठा, पण अंड्यासारखाच. वरच्या टोकाला आखूड मान आणि मानेवर बोंडासारखं काहीतरी.

"अत्तराची बाटली?" मी विचारलं.

भावोजींनी मान हलवली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "हातबॉम्ब आहे," ते म्हणाले. "वरचं ते बोंड म्हणजे खटका. जागेवर आहे."

ही वस्तू त्यांनी बसमध्ये मांडीवर ठेवून आणली होती. आठवडाभर ती ताईच्या न्हाणीघरात होती, तिच्या टॉवेलांच्या खाली. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर बाळंतिणींचा विभाग होता, आणि त्या क्षणी वर कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढ्या आवाजानंही मी भिंतीला चिकटले.

तेवढ्यात काचेपलीकडे काहीतरी हललं. शिरस्त्राणातून थोडी ओली माती टेबलावर पडली. मग आणखी थोडी. फोमचा तुकडा ओला होऊन सरकत होता. आठवडाभर भिजवलेला तो गोळा आतल्या आत सुटायला लागला होता.

भावोजी आत गेले. शिशाचा एप्रन नाही, काही नाही, धावलेही नाहीत. नेहमीच्याच त्या हळू चालीनं टेबलापाशी गेले आणि दोन्ही तळवे खालून घालून त्यांनी ते धरलं. त्यांचे गुडघे थरथरत होते, मला काचेतून दिसत होतं. हात हलत नव्हते.

"ठेवा ते खाली," मी ओरडले. "ठेवा आणि बाहेर या!"

"ठेवता येत नाही," ते म्हणाले. "सोडलं की आतलं गडगडेल. ओरडू नकोस. सगळ्यांना बाहेर काढ. वरच्यांनाही. मोठ्या डॉक्टरांना सांग." मग त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तोवर नव्हतं ते भय आलं. "दुसरं घरी आहे. त्याच खड्ड्यातलं. ती ओव्हनमध्ये घालणार आहे."

"कधी?"

"शिवण उरकली की, म्हणाली होती. फोन लाव. आधी फोन लाव."

मी दारातच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ताई मशीनवर बसली की तिला दारावरची घंटाही ऐकू येत नाही, आणि फोन स्वयंपाकघरात पडलेला असतो. तिसऱ्यांदा लावेपर्यंत मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत पोचले होते. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांनी येऊन पडदा पाहिला, काचेतून भावोजींना पाहिलं, आणि भिंतीवरची धोक्याची घंटा दाबली. पोलिसांना फोन त्यांनीच केला. ताईच्या घराचा पत्ता मी त्यांना दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा घराचा क्रमांक चुकीचा सांगितला, इतकी माझी बुद्धी ठिकाणावर नव्हती. तिसऱ्यांदा बरोबर सांगितला.

पुढे मी गवंड्याच्या बखोटीला धरून त्याला बाहेर काढलं, आजींची खुर्ची ढकलली. जिन्यावरून नर्स बायका बाळांना घेऊन उतरत होत्या, एकेकीच्या कुशीत दोन दोन. कुणी काय झालं म्हणून विचारत नव्हतं. मी फाटकापाशी आले, फोन पुन्हा लावला, पुन्हा नुसता वाजत राहिला. मग मी धावत सुटले.

ताईचं घर तसं जवळ. रोजचीच वाट. त्या दिवशी मात्र संपता संपेना. माझे पाय धावत होते आणि कान सगळे पुढे लागलेले होते, आवाज येतो का म्हणून. कोपऱ्यावर मालाच्या ट्रकची फळी धाडकन आपटली आणि मी फुटपाथवर बसकण मारली. एका दुकानदारानं शटर ओढलं, तेव्हा मी अक्षरशः किंचाळले. लोक बघत होते. मला भावोजींचा संताप संताप येत होता. मेल्या माणसांच्या टोप्या गोळा करायच्या, त्यातली माती चाटायची, आणि आमच्या ताईला सांगायचं की भाज ओव्हनमध्ये! आणि मग त्यांचे ते थरथरणारे गुडघे आठवायचे आणि रडू फुटायचं. रडत आणि शिव्या देत मी त्यांच्या गल्लीत शिरले.

इमारत उभी होती. खिडक्यांच्या काचा जागेवर होत्या. जिन्यात मला वास आला. ओव्हन तापल्याचा गरम वास.

कठडा धरून वर चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मशीनची खडखड येत होती, आणि समोर स्वयंपाकघरात ओव्हनचा पिवळा दिवा लागलेला दिसत होता. मी आत घुसले, बटण फिरवलं, प्लग खेचून काढला आणि तशीच मागे येऊन ताईचा दंड धरून तिला खुर्चीवरून ओढलं.

"अगं, अगं! वेड लागलं का तुला?" ताई म्हणाली. "माझा केक बसेल ना!"

"कसला केक?"

"केक म्हणजे केक. ओव्हनमध्ये आणखी काय असणार?"

"टोपडं! भावोजींचं टोपडं कुठंय?"

ताईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू भावोजी मागे उभे आहेत. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. उन्हात वाळायला टाकलंय. त्यांना सांगू नकोस हं."

"ते तर म्हणतात, तू दर वेळी ओव्हनमध्ये..."

"एकदाही नाही. ज्यात आपण खायचं भाजतो, त्यात कुणा मेलेल्याच्या डोक्यावरचं घालू? मला ओकारी येते. उन्हात वाळवते आणि त्यांना सांगते, ओव्हन लावला होता. त्यांना काय कळतंय." आणि मग माझा चेहरा नीट बघून तिनं विचारलं, "झालं काय?"

मी सांगितलं. ताईनं सगळं उभ्यानं ऐकलं. कमरेला मापाची फीत लोंबत होती, ती तिनं काढून नीट गुंडाळली. तिनं एवढंच विचारलं, "ते बाहेर आलेत ना?"

"नाही."

"मग कुठे आहेत?"

"तिथेच. हातात धरून उभे आहेत. सोडता येत नाही त्यांना."

आम्ही दोघींनी दारं ठोठावून इमारत रिकामी केली. खालचे म्हातारे गृहस्थ बूट घालून मगच निघेन म्हणून हटून बसले, त्यांना ताईनं बूट हातात देऊन अनवाणी बाहेर काढलं. पोलीस आले, त्यांनी गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली आणि आम्हाला दोरीपलीकडे उभं केलं.

तिथून पुढचा वेळ मला कुणी पुन्हा जगायला सांगितला तर मी जगणार नाही. ताईला रुग्णालयात जायचं होतं. तिकडचे रस्ते बंद केलेत, म्हणाले. तिला भावोजींना फोन करायचा होता. बॉम्बशोधक पथकानं तिकडे सगळे फोन आणि वायरलेस बंद ठेवायला लावलेत, म्हणाले, त्यांच्या लहरींचा भरवसा नसतो. मग ताईनं एका पोलिसाची बाहीच धरली.

"साहेब, कुणाला तरी पाठवा तिकडे. एवढंच सांगायचंय, ओव्हनमध्ये नव्हतं म्हणून. मी ठीक आहे म्हणून. ते घाबरट आहेत हो फार. त्यांना वाटत असेल की मी..."

"सांगतो, बाई," पोलीस म्हणाला. चांगला माणूस होता. पण त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्याला तिकडच्या दोरीपुढे कुणी जाऊ दिलं नाही. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला वाटत होतं, निरोप पोचला असेल.

ऊन कललं होतं, तेव्हा तो आवाज आला. रुग्णालयाच्या दिशेनं. एकच, जड, पोटात जाणवणारा. झाडांवरचे पक्षी उडाले. गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम तिकडे माना वळवल्या आणि मग हळूच आमच्याकडे पाहिलं. ताई उभी होती ती खाली बसली, रस्त्यावरच, पाय पुढे पसरून, लहान मूल बसतं तशी. मी तिला जवळ घेतलं. तिचं अंग लाकूड झालं होतं. ती रडत नव्हती. मी रडत होते. आमचं जिवाभावाचं माणूस गेलं, असं मी तेव्हा धरून चालले होते. माझ्या डोक्यात विचार कसले यावेत? आता त्या खोलीचं काय करायचं, हा. माणसाचं मन किती पाजी असतं ते त्या दिवशी मला समजलं.

बऱ्याच वेळानं एक पोलीस धावत आला आणि लांबूनच हात हलवत म्हणाला, "मोकळ्या मैदानात नेऊन उडवलाय. माणूस सुखरूप आहे."

ताईनं त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग ती रडली.

पथकाचा प्रमुख नंतर आमच्या गल्लीत आला, गच्चीवरचं न्यायला. चष्मेवाला, किडकिडीत, शाळामास्तर शोभावा असा माणूस. त्याच्या माणसांनी वाळूच्या पेटीतून ते खाली आणलं. त्यातही तसंच अंडं निघालं. कुणीतरी हातबॉम्ब शिरस्त्राणांत भरून खड्ड्यात पुरले असणार, तो म्हणाला. "आणि हे ओव्हनमध्ये गेलं असतं, तर," असं म्हणून त्यानं मान वर करून इमारतीकडे पाहिलं.

मी त्याला भावोजींचं विचारलं. तिथे ते कसे होते?

"शांत होते," तो म्हणाला. "आम्ही भोवती वाळूच्या पिशव्या लावल्या, खालून वाळूचा ट्रे सरकवला, मग एकेक बोट काढायला सांगितलं. सांगितलं तसं केलं त्यांनी. घाम डोळ्यांत जात होता, पण हात हलला नाही. फक्त मधून मधून एकच विचारायचे, सारखं, माझ्या माणसांनी शेवटी गप्प बसायला सांगितलं."

"काय विचारायचे?"

"‘आवाज आला का?’ म्हणायचे. मला वाटलं, बॉम्बचा खटका वाजेल अशी भीती वाटत असेल. मी म्हणायचो, नाही, काही आवाज नाही. पण ते हातातल्या बॉम्बकडे बघतच नव्हते. खिडकीकडे बघत होते."

ती खिडकी ताईच्या घराच्या बाजूची होती. हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला.

पोलिसांनी भावोजींना गाडीतून आणून सोडलं. ताईला बघून ते तिथेच गाडीला टेकून उभे राहिले, पुढे येईनात. ताई त्यांच्यापाशी गेली. सगळ्या गल्लीसमोर तिनं त्यांच्या पाठीत एक दणका घातला, मग दुसरा, आणि मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. भावोजींचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते. त्यांची बोटं अजून वळत नव्हती.

नोकरी गेली, जायचीच होती. मोठ्या डॉक्टरांनी चौकशीत त्यांच्या बाजूनं चार शब्द सांगितले म्हणून माझी तरी वाचली. पथकानं खोलीतलं एकूण एक शिरस्त्राण तपासून परत आणून ठेवलं. भावोजींनी ती विकली नाहीत. आणखी आणलीही नाहीत. कधीतरी आत जाऊन बसतात. ओव्हनची खरी गोष्ट ताईनं त्यांना त्याच संध्याकाळी सांगितली. ते म्हणाले, "बरं केलंस." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ बसून राहिले.

त्यांना वाटतं, त्यांची भीती कमी झाली. आता ते लिफ्टमध्येही बसतात. मला तसं वाटत नाही. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. भावोजी आतल्या खोलीत होते, ताई मशीनवर, मी तिच्याशेजारी काजं-बटणं करत होते. वाऱ्यानं जिन्यातलं दार धाडदिशी आपटलं. लगेच आतून भावोजींचा आवाज आला, "आहेस ना?"

ताईनं मला सांगितलं होतं की हे आता रोजचंच आहे. कुठे झाकण पडलं, कुणाचं शटर वाजलं, की ते असतील तिथून विचारतात आणि ती असेल तिथून उत्तर देते, न्हाणीघरातून सुद्धा. पण त्या वेळी तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून हातात घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. तेवढ्यात भावोजी दारात येऊन उभे राहिले होते. तोंडाला रंग नव्हता, आणि दोन्ही हात पुढे होते, तळवे वर करून, खालून काहीतरी धरल्यासारखे.

ताईनं टाचण्या डबीत ठेवल्या. उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आहे."